कच्चं पाणी

पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा ते पाण्यासमोर बसले होते.

अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी रुजू झाले, तो जुलै महिना होता. हेडक्लार्क म्हणाले, "सर खालच्या नमुन्यांच्या खोलीत असतील, भेटून घ्या." ती खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून तीन पायऱ्या खाली. भिंतीभर कपाटं, कपाटांत फॉर्मॅलिनच्या बरण्या, बरण्यांत पांढरेफटक पडलेले तारामासे आणि विंचू. उत्तरेच्या खिडकीपाशी एका सागवानी बाकावर जाड काचेचं चौकोनी भांडं होतं. त्यात पाणी, तळाला बोटभर वाळू, दोन काळे दगड. आणि समोर स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, चाळिशी उलटलेला एक उंच, सावळा, हडकुळा माणूस.

"नमस्कार सर. मी नवीन डेमॉन्स्ट्रेटर."

त्यांनी मान न वळवता दुसऱ्या स्टुलाकडे बोट केलं. मी बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"सर, यात मासे..."

"नाईत."

"मेले का?"

"आले नाईत अजून."

"मग आपण काय पाहतोय?"

"पाणी," ते म्हणाले. "कच्चं हाये अजून."

मी चांदूर बाजारची. आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मोटेनं वर आलं की ते पाणी, संपला विषय. पाणी कच्चं असतं आणि मग पिकतं, हे मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. वडिलांनी मला नोकरी करायला कशीबशी परवानगी दिली होती, तीही वर्षभरासाठी. मनात म्हटलं, वर्ष या माणसाबरोबर काढायचं आहे.

सर तीन भाषा बोलत. वर्गात इंग्रजी, स्टाफरूममध्ये पुस्तकातलं वाटावं असं मराठी, आणि भांड्यापाशी आले की वऱ्हाडी. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "इथं खोटं बोलता येत नाई, बाई." म्हणजे वर ते खोटं बोलत असं नाही, पण खालच्या खोलीत आल्यावर त्यांचे खांदे उतरत आणि आवाज मऊ होई, हे मी रोज पाहत असे.

स्टाफरूममध्ये त्यांच्याबद्दल हसण्यासारखं पुष्कळ होतं. ते प्यायच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकत. खिशात कागदाची पुडी असे; ग्लास आला की पुडी सोडायची, बोटानं ढवळायचं, प्यायचं. अमरावतीचं पाणी त्यांना फिक्कं लागे. त्यांचं गाव अकोल्याच्या बाजूला, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. तिथली जमीन काळीभोर, कापूस जोमदार, पण कुठंही विहीर खणली तरी पाणी खारं लागतं.

"साऱ्या गावाचंच खारं होतं का, सर?" मी एकदा सहज विचारलं.

"गोड्या पाण्याची एक विहीर होती," ते म्हणाले. "ते आमची नोती."

एवढंच. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यांच्या घरचे सगळे नागपूरला जाऊन आले होते, हे मला माहीत होतं. त्यामुळे "आमची" म्हणजे कोणाची हे विचारायची गरज पडली नाही. ते हे रागानं बोलले नाहीत. काचेवरचा एक डाग रुमालाच्या टोकानं पुसत बोलले.

पण त्या खाऱ्या विहिरीनं त्यांना एक जीभ दिली होती. भांड्यातल्या पाण्याचा खारटपणा मोजायला प्रयोगशाळेत काचेची मापकनळी होती, तरी सर रोज सकाळी आधी करंगळी बुडवून जिभेला लावत आणि आकडा सांगत. मग मी नळी पाण्यात सोडून पाही. फरक असलाच तर केसाएवढा. एकदा चांगला दोन रेघांचा फरक आला. सर म्हणाले, "नळी पाहा." नळीला बारीक तडा गेला होता.

ते भांडं मूळचं रेल्वेचं. तारखात्याच्या बॅटऱ्या ज्या जाड काचेच्या चौकोनी बरण्यांत असत, त्यातली एक मोडीत निघालेली बरणी बडनेऱ्याच्या एका गार्डसाहेबांनी त्यांना आणून दिली होती. गार्डसाहेब सरांचे बोर्डिंगातले सोबती. त्यांचा मेहुणा मुंबईला गोदीत होता. तो सुट्टीच्या दिवशी ओहोटीला कुलाब्याच्या खडकांवर जाई, होडीवाल्याकडून आतलं स्वच्छ पाणी काचेच्या बुधल्यांत भरून घेई आणि गाडीच्या गार्डाकडे देई. मुंबईचा गार्ड पुढच्याला सोपवी, भुसावळला ते आमच्या गार्डसाहेबांच्या डब्यात येत आणि बडनेऱ्याला उतरत. तिथून अमरावतीपर्यंत टांगा. टांग्यात सर बुधला मांडीवर घेऊन बसत, एखाद्या आजारी मुलाला दवाखान्यात न्यावं तसे.

वीज असे पण तिचा भरवसा नसे, म्हणून हवेची सोय सरांनी स्वतः केली होती. लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं टम्म फुगवायची, तिला बारीक रबरी नळी जोडायची, नळीला चिमटा लावायचा. चिमट्यातून जेमतेम सुटेल एवढी हवा दिवसभर पाण्यात बुडबुडे सोडत राही. पंप मारायचं काम ते कोणालाच देत नसत. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. आणि पंप मारता मारता विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेची तयारी घेत. दारात पोरं रांगेत उभी, आणि सर घामाघूम होऊन विचारतायत, "खेकड्याले पाय किती? ... मोजून सांग, पाठ करून नोको सांगू!"

भांड्याजवळ जायचं तर हात दाखवावे लागत. साबणाचा वास आला की परत पाठवणी, तंबाखूचा आला तर दिवसभर बंदी. मी डोक्याला खोबरेल तेल लावून येई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कोपरापर्यंत साध्या पाण्यानं तीनदा हात धुवायला लावले, आणि मग म्हणाले, "आता फक्त पाहाजा." हात धुवायला लावून हात लावू दिला नाही! मी मनातून चिडले.

चिडण्याचं खरं कारण वेगळं होतं. पहिला महिनाभर त्यांनी मला काही कामच दिलं नाही. ना प्रॅक्टिकल, ना जर्नलं तपासणं. मी रोज खाली जाऊन पाण्यासमोर बसायचं. मला वाटलं, बाई म्हणून मला बाजूला ठेवतायत. शेवटी एक दिवस मी सरळ विचारलं, "सर, मला काम का देत नाही?"

ते गोंधळले. खरोखर गोंधळले. "तुमी नव्या हाये ना," ते म्हणाले. "इथलं अंगी लागू द्या थोडं. काहून घाई करता?"

नंतर लक्षात आलं, हे ते प्रत्येकाशीच करत. तेल्हाऱ्याहून, दर्यापूरहून पहिल्या वर्षाला जी मुलं येत, पायजमा घातलेली, इंग्रजीला बिचकणारी, त्यांना सर सुरुवातीचा महिना-दीड महिना वर्गात एकही प्रश्न विचारत नसत. बाकीचे प्राध्यापक पहिल्याच दिवशी उभं करत. "गावातलं पोट्टं इथं येते," सर म्हणायचे, "त्याले खोली नवी, भाषा नवी, खानावळ नवी. त्यात तुमी त्याले उभं करून पाणउतारा करता. मंग ते दिवाळीले घरी जाते आन् परत येतच नाई." सरांच्या वर्गातून दिवाळीनंतर परत न आलेला मुलगा मला आठवत नाही.

माशांच्या बाबतीतलं त्यांचं शहाणपण मात्र पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते फजितीतून आलं होतं, आणि त्या फजित्या सांगताना ते खुलत.

सगळ्यात पहिली त्यांच्या गावची. नोकरीला लागले तेव्हा त्यांना वाटलं, समुद्र खारा आणि आपली विहीरही खारी. मग पाण्यासाठी मुंबई कशाला? मेहुण्याकडून दोन छोटे पट्ट्यापट्ट्यांचे मासे मागवले, गावी नेले आणि विहिरीच्या पाण्यात सोडले. आई, शेजारपाजार, सगळे पाहायला जमलेले. तासाभरात दोन्ही मासे उताणे. "माय म्हणे, अरे, आमी हेच पाणी पेऊन तुले वाढवला, आन् याईले कसं नाई सोसलं?" सर हसत सांगायचे. "खारं असलं म्हंजे समुद्र होत नाई, बाई. समुद्रात मिठाशिवाय आनिक काय काय राह्यते. हे मले तवा समजलं."

मग लोखंडी चौकटीची टाकी. मिठानं तिला महिन्याभरात गंज चढवला, पाणी तांबडं झालं. मग हे बॅटरीचं भांडं आलं. पण ताज्या पाण्यात त्यांनी एकदम अकरा मासे सोडले, कारण एवढ्या लांबून परत परत आणायचे कसे? चौथ्या दिवशी अकराच्या अकरा गेले. पाणी दिसायला आरशासारखं स्वच्छ! "तवा ध्यानात आलं. पाणी जितं राह्यते. मासा जे घाण करते, ते खाणारे बारीक जीव पाण्यात, वाळूत, दगडावर वाढा लागते. ते डोयाले दिसत नाई. त्याईले टाइम द्या लागते. तोपर्यंत पाणी कच्चं."

आणि एकदा चपराशीबुवांची गंमत. उन्हाळ्यात भांड्यातलं पाणी आटलं. बुवा मायाळू माणूस. त्यांनी साधं पाणी ओतलं आणि ते अळणी होऊ नये म्हणून वर मूठभर मीठ टाकलं. मी हे ऐकून विचारलं, "पण सर, बरोबरच केलं ना त्यांनी? खाऱ्या पाण्यात खारंच घालायला हवं."

"पाणी उडून जाते, बाई. मीठ उडते काय?"

एम.एस्सी. पास झालेली होते मी.

म्हणून भांड्यावर तांबड्या रंगाची एक रेघ होती. पाणी रेघेखाली गेलं की उकळून गार केलेलं साधं पाणी तेवढंच घालायचं. उन्हाळ्यात भांड्याला भोवती ओलं गोणपाट, खाली ओल्या वाळूचं घमेलं. आणि खाणं? जवळ्याचे, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचे, धुतलेले दोन-चार कण, दिवसाआड. मला ते फार कमी वाटे. सर म्हणत, "या भांड्यात उपाशी कोणी मेलं नाई आजवर. जे मेले ते मायेनं मेले."

मी आले त्या वर्षी पाणी पिकायला सव्वा महिना लागला. मग पहिला पाहुणा आला, शंखात राहणारा एक खेकडा. तो डब्यातून आला, आणि सरांनी दुपारभर दर थोड्या वेळानं भांड्यातलं कपभर पाणी त्या डब्यात घातलं. "पाव्हणा आला की त्याले एकदम माजघरात नेता काय? पयले पाय धुवाले पाणी द्या. ओसरीवर बसू द्या." संध्याकाळी खेकडा भांड्यात उतरला. तीन आठवड्यांनी एक मासा, तोही बोटाएवढा. मग पुन्हा थांबणं. मग दिवाळीनंतर ती आली.

ती म्हणजे एक समुद्रफूल. नाव फूल असलं तरी तो प्राणी. दगडाला तळ चिकटवून बसतो आणि तोंडाभोवतीचे मऊ हात पाकळ्यांसारखे उघडतो. आमच्या कपाटातल्या बरणीत एक समुद्रफूल होतं, राखाडी, आक्रसलेलं, सुकलेल्या अंजिरासारखं. ही आली तेव्हा तशीच मिटलेली होती. तीन दिवस तशीच. चौथ्या दिवशी सकाळी मी पायऱ्या उतरले तर सर दारातच उभे, ओठांवर बोट ठेवून. भांड्यात, काळ्या दगडावर, ती पूर्ण उघडली होती. तांबडी, टोकांना फिकी गुलाबी, आणि बुडबुड्यांच्या लाटेबरोबर हळूहळू डोलणारी.

त्या दिवशी सरांनी वर्ग घेतला नाही. सगळ्या मुलांना पाच-पाचच्या गटानं खाली आणलं. तेल्हाऱ्याचा एक मुलगा कपाटातल्या बरणीकडे पाही आणि भांड्याकडे पाही. म्हणाला, "सर, हे ते हाये?"

"हाव."

"मंग आमी आजवर काय शिकून राह्यलो होतो?"

तो प्रश्न पुढं कित्येक दिवस सर जो भेटेल त्याला सांगत होते.

तिला आम्ही मावशी म्हणू लागलो. मावशी सव्वा वर्ष जगली. तिला मी मारलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजला एम.एस्सी.चे वर्ग मिळायचे घाटत होते आणि विद्यापीठाची समिती पाहणीला यायची होती. नेमकी तेव्हाच सरांची आई आजारी पडली. ते आठ दिवसांसाठी गावी निघाले. निघताना मला म्हणाले, "रेघ पाहाजा, पंप मारजा. खायाले काईच देऊ नोका. मी येईपर्यंत काई बदलू नोका." पंप त्यांनी माझ्या हातात दिला. आजवर कोणालाही न दिलेला पंप. त्या आठ दिवसांत मी काय करीन, त्यावरच वडिलांशी पुढचं बोलणं करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल खाली आले. ते पुण्याकडचे, स्वभावानं चांगले, टापटिपीचे. भांड्यात वाकून पाहिलं. "एवढ्या मोठ्या भांड्यात एक मासा, एक खेकडा आणि हे लाल फूल? समितीला काय वाटेल? मी गार्डसाहेबांना निरोप पाठवलाय. आणखी मासे येतील."

मी नाही म्हणू शकले असते. सर आल्याशिवाय नको, एवढं वाक्य पुरलं असतं, आणि प्रिन्सिपॉलांनी ते ऐकलंही असतं. पण मी म्हटलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. लोकांनी हसत हसत ज्याची टिंगल केली ते भांडं भरलेलं, झळाळतं दिसावं, समितीनं तोंडात बोट घालावं, आणि सर परत आल्यावर मी ते त्यांना सांगावं, असं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

डबा आला तो समितीच्याच दिवशी, सकाळी दहाला. समिती अकराला. आठ मासे होते, निळे, पिवळे, पट्ट्यांचे. कपाकपानं पाणी घालायला वेळ कुठला? मी डबा कलंडवला. मासे कोपऱ्यात दबून बसले, तेव्हा ते हलावेत म्हणून जवळ्याची मूठ टाकली. चिमूट नाही, मूठ.

समिती खूश झाली. एक वयस्कर सभासद काचेला नाक लावून लहान मुलासारखे पाहत राहिले. "अमरावतीत समुद्र!" असं म्हणाले. प्रिन्सिपॉलांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांवरच वास आला. पाणी पातळ ताकासारखं पांढुरकं झालं होतं. मासे वर तरंगत होते, जुना बोटाएवढाही त्यातच. खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. मावशी दगडावरून सुटून तळाशी पडली होती, चिखलाच्या गोळ्यासारखी.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "असू दे हो, मासेच तर आहेत. पुन्हा आणू." त्यांनी समजूत घालायलाच म्हटलं, पण ते ऐकून मी वर जाऊन राजीनामा लिहिला.

सर दोन दिवसांनी आले. आईला बरं होतं, चेहरा उजळलेला होता. हातात गावची भाजलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी होती. मी दारातच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वास घेतला, आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

"किती टाकले?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"मी अकरा टाकले होते," ते म्हणाले.

मी रडायला लागले. ते थांबले. रडणं संपेपर्यंत थांबले, गडबड केली नाही. मग स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "मावशी केव्हा मिटली?"

समिती होती, चहा होता, धावपळ होती. मावशी त्या दिवशी उघडी होती की मिटलेली, हे मी पाहिलंच नव्हतं.

"ते अदुगरच मिटली असन," सर म्हणाले. "तिले पयले समजते. तिच्याकडे पाह्यलं असतं तं..." आणि वाक्य सोडून दिलं. ते मला त्यापेक्षा जास्त कधीही रागावले नाहीत, आणि मला त्यापेक्षा जास्त कधीही लागलं नाही.

मी राजीनामा पुढं केला. त्यांनी वाचला, घडी घालून मिठाच्या पुडीच्या खिशात ठेवला. "हे पाणी पिकल्यावर पाहू," म्हणाले. "आता बाह्या वर करा."

आम्ही दोघांनी भांडं रिकामं केलं. मी वाळू नळाखाली धरणार एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "नळाच्या पाण्यानं नोको! हिच्यात अजून काई जितं असन." वाळू बुधल्यातल्या जुन्या समुद्राच्या पाण्यानंच खळबळली, दगडही तसेच. नवं पाणी भरलं. मग ते पंप माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे भांडं तुमचं. मी हात लावणार नाई."

"सर, मला नाही जमणार."

"मले तरी कुठं जमलं होतं?"

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर पंप. करंगळी बुडवून जिभेला लावणं, चुकीचा आकडा सांगणं, नळी पाहणं. मध्येच पाण्यावर तपकिरी बुरशीसारखा थर धरला, मला वाटलं पुन्हा बिघडलं. सर स्टुलावर बसून जर्नलं तपासत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुढचं जर्नल ओढलं. तो थर आपोआप गेला. फाल्गुनात माझे वडील मला न्यायला आले, वर्षाचा वायदा कधीच संपला होता. सरांनी त्यांना खाली आणलं, हात धुवायला लावले, आणि नुसत्या पाण्यासमोर बसवलं. वडिलांनी विचारलं, "हे काय हाये?"

"तुमच्या पोरीचं काम," सर म्हणाले. "अजून व्हयाचं हाये. अध्धर सोडून नेता काय?"

वडील शेतकरी माणूस. पेरलेलं शेत अर्ध्यावर सोडून जाणं त्यांना कळत नसे. ते पाण्याकडे पाहत राहिले, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

पाणी पिकलं. मी एक खेकडा मागवला, एकच. तो भांड्यात उतरला त्या संध्याकाळी सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे आता मंजूर करू काय?" मी कागद त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. असं मी कोणत्याही वरिष्ठाशी कधी वागले नव्हते. सर मोठ्यानं हसले.

एम.एस्सी.चे वर्ग मिळाले. मी कायम झाले. दोन वर्षांनी सरांना बढती मिळाली आणि ती मुंबईला. आम्ही सगळे म्हणालो, बरं झालं, आता समुद्र पायाशी. सरांनाही तसंच वाटत होतं. बडनेऱ्याच्या फलाटावर गार्डसाहेबांनी त्यांना मिठी मारली तेव्हा ते हसत होते.

पाच-सहा महिन्यांनी पत्र आलं, पुस्तकी मराठीत. "इथे समुद्र कॉलेजच्या गच्चीवरून दिसतो. मुले त्याच्याकडे पाठ करून डबा खातात. मी पहिल्याच आठवड्यात भांडे मांडले. एका मुलाने विचारले, सर, खाली एवढा मोठा असताना हे कशाला? मुलगा उर्मट नव्हता. भांडे मी कपाटावर ठेवून दिले आहे."

वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांनी बढती सोडून वऱ्हाडात बदली मागितली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. अकोल्याला जागा मिळाली. पगार कमी, पण आई जवळ.

मी त्यांना भेटायला अकोल्याला गेले ती पावसाळ्याच्या सुरुवातीला. कॉलेजची नवी इमारत, अजून चुन्याचा वास येत होता. सर जिन्याखालच्या एका खोलीत होते. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. शेजारी टेरिलिनचा शर्ट घातलेला त्यांचा नवा डेमॉन्स्ट्रेटर, बावीस-तेवीसचा, चेहऱ्यावर स्पष्ट कंटाळा.

सरांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले. माझ्यासाठी कोणी वरिष्ठ उठून उभा राहील अशी मला सवय नव्हती. ते त्या तरुणाकडे वळून मोठ्या अभिमानानं म्हणाले, "ह्या बाई. ह्याईनं एका सकाळी आठ मासे टाकले आन् सारं भांडं मारलं. यांच्याइतकं पाणी समजणारं माणूस साऱ्या वऱ्हाडात नाई. मी नसलो तं ह्याईले इचारत जा."

तो तरुण माझ्याकडे पाहू लागला. त्याला ही थट्टा वाटली असावी. त्यानं जरा संकोचून विचारलं, "खरंच आठ, मॅडम?"

तो आकडा मी तोवर सरांशिवाय कोणालाच सांगितला नव्हता, घरीसुद्धा नाही.

"आठ," मी म्हणाले, "आणि वर जवळ्याची मूठ."